मानेवरची गाठ दोन आठवड्यांत उतरली नाही? आधी सुईची तपासणी, मग औषध

मानेवर, जबड्याखाली किंवा काखेत गाठ उठली की पहिला इलाज घरातच सुरू होतो. गूळ-चुन्याचा लेप, बिब्ब्याचा ठिपका, कुणी जाणता असला तर तापल्या पळीचा डाग. त्यानं भागलं नाही तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन एक इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या. गाठ थोडी बसते, परत वर येते. दुखत नाही, मोठा ताप नाही, कामधंदा चालू असतो. म्हणून पेरणी होते, सुगी होते, दिवाळी होते, गाठ मात्र तिथंच. मग एक दिवस वरची कातडी लालसर-निळसर पडते, गाठ फुटते आणि महिनोन्‌महिने वाहत राहते.

जुनी माणसं याला गंडमाळा म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत हा बहुतेक वेळा लसिका ग्रंथींचा क्षयरोग, म्हणजे गाठींचा टीबी निघतो. टीबी म्हटलं की खोकला आणि रक्ताचा बेडका एवढंच डोळ्यासमोर येतं. पण भारतात नोंद होणाऱ्या टीबी रुग्णांपैकी चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या आसपास रुग्णांचा टीबी फुफ्फुसाच्या बाहेर असतो आणि त्यात गाठींचा टीबी सगळ्यात जास्त. अनेक रुग्णालयांच्या नोंदींत तरुण मुली आणि बायकांचं प्रमाण त्यात जास्त दिसतं.

हा आजार साधारण सहा महिन्यांच्या औषधात बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. घोडं अडतं ते ओळखण्यापाशी. छातीत काही नसेल तर थुंकी तपासून गाठीचा टीबी सापडत नाही. त्यासाठी गाठीतलाच माल बाहेर काढून बघावा लागतो. तो काढायचा सगळ्यात सोपा, स्वस्त आणि कमी त्रासाचा रस्ता म्हणजे बारीक सुई. डॉक्टर चिठ्ठीवर "एफएनएसी" असं लिहितात, लोक सुईची तपासणी म्हणतात. पण दोन गोष्टींमुळे या तपासणीचा पुरता उपयोग होत नाही. एक तर भीतीपोटी लोक सुई लावूनच घेत नाहीत. दुसरं म्हणजे सुई लावली तरी काढलेला सगळा माल काचेवरच संपतो आणि जंतूची खरी तपासणी राहून जाते.

अवधाण आणि गंडमाळा

पायात काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. गावात त्याला अवधाण म्हणतात. ती गाठ नव्यानं तयार झालेली नसते. मान, काख, जांघ अशा ठिकाणी अंगात आधीपासूनच शेकडो लहान गाठी असतात आणि त्या एरवी हाताला लागत नाहीत. अंगात फिरणारं पाण्यासारखं द्रव्य, म्हणजे लसिका, या गाठींतून गाळून पुढं जातं. जंतू आला की गाठ त्याला तिथंच अडवते आणि त्या झटापटीत सुजते. पायाची जखम भरली की अवधाण उतरतं. किडक्या दातानं, घसा धरल्यानं, डोक्यातल्या उवा-खवड्यानं मानेला येणाऱ्या गाठीही अशाच उतरतात.

टीबीचा जंतू वेगळा. तो फार सावकाश वाढतो. इतर जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर याला दुप्पट व्हायला वीसेक तास लागतात. म्हणून गाठ भडकून लाल होत नाही, ठणकत नाही. हळूहळू बोराएवढी, मग लिंबाएवढी होते. एकीच्या शेजारी दुसरी येते आणि पुढं त्या एकमेकींना चिकटून घोसासारख्या लागतात. काहींना संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक कमी, वजन उतरणं हे असतं. बऱ्याच जणांना यातलं काहीच नसतं, आणि तिथंच फसगत होते.

मानेच्या पुढच्या बाजूला असलेली आणि घोट गिळताना वर-खाली सरकणारी गाठ बहुधा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची असते, तिची वाट वेगळी. तान्ह्या बाळाला बीसीजीची लस डाव्या दंडात देतात. त्यानंतर काही महिन्यांत डाव्या काखेत लहान गाठ आली तर ती लसीचीही असू शकते. ती बाळाच्या डॉक्टरांना दाखवावी, घरी पिळू नये.

आणि तंबाखू, मिश्री, गुटखा लावणाऱ्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेला दगडासारखी घट्ट, न हलणारी गाठ आली तर टीबीच्या आधी तोंड आणि घशाच्या कॅन्सरचा विचार करावा लागतो. ही गाठसुद्धा सुरुवातीला दुखत नाही. हाताला दोन्ही सारख्याच लागू शकतात. अनुभवी डॉक्टरही नुसतं चाचपून खात्रीनं सांगत नाहीत, मग गावातल्या जाणत्यानं कसं सांगावं?

म्हणून ढोबळ नियम असा की गाठ हरभऱ्यापेक्षा मोठी आहे आणि दोन आठवड्यांत उतरली नाही, तर दाखवायची. डॉक्टर आधी साधी अँटिबायोटिकची गोळी दहा-बारा दिवस देऊन बघतात. ते ठीक आहे, साधी गाठ असली तर तेवढ्यानं बसते. पण याच वेळी लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की घोटाळा होतो. या अँटिबायोटिकनं टीबीचे जंतू अर्धवट मरतात, बरा तर होत नाहीच, उलट तपासणीत सापडणं अवघड होतं. स्टेरॉइडनं गाठ तात्पुरती बारीक होते आणि घरचे म्हणतात, गुण आला. मूळ आजार मात्र आत वाढतच असतो, मग तो टीबी असो की रक्ताच्या जातीचा कॅन्सर. "लवकर बसायचं इंजेक्शन द्या" असा हट्ट डॉक्टरांकडं धरू नये तो यासाठी.

सुई लावताना काय होतं

यात ऑपरेशन नाही, भूल नाही, उपाशी पोटी जायची गरज नाही. वापरतात ती सुई २२ ते २५ गेजची, म्हणजे दंडात इंजेक्शन देतात तेवढीच किंवा तिच्याहूनही बारीक. माणसाला बसवून किंवा आडवं करून गाठ दोन बोटांत धरतात. कातडी स्पिरिटनं पुसतात. सुई गाठीत गेली की तिच्या मागच्या सिरिंजची दांडी ओढून धरतात आणि सुई आतल्या आत थोडी पुढं-मागं करतात. सुईच्या पोकळीत गाठीतल्या पेशी भरतात. दांडी सोडून सुई बाहेर काढतात. असं बहुधा दोन-तीनदा करावं लागतं, कारण एकाच ठिकाणचा माल पुरत नाही. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. नंतर कापूस दाबून धरायचा, थोडा वेळ बसायचं, घरी जायचं. दुसऱ्या दिवशी रानात जायला हरकत नसते. जागा एक-दोन दिवस दुखते, क्वचित काळी-निळी पडते. हृदयाच्या किंवा लकव्याच्या आजारामुळं रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते मात्र आधी सांगायचं.

"गाठीला लोखंड लावलं की ती पसरते" हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येतं. त्यामुळं कितीतरी जण चिठ्ठी खिशात घेऊन तसेच परत येतात. खरं असं की इतक्या बारीक सुईनं कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत आणि टीबीच्या गाठीत तर त्या भीतीला जागाच नाही. मग ही समजूत आली कुठून? गाठ टीबीची असते, पू झालेला असतो, आणि कुणीतरी ती गळू समजून ब्लेडनं मोठी चिरते. तिथं तोंड पडतं आणि ते महिनोन्‌महिने भरत नाही. दोष त्या चिरण्याचा आणि औषध न मिळाल्याचा, पण नाव सगळ्याच सुया-चाकूंचं खराब झालं. चांगला डॉक्टर पू झालेल्या गाठीत सुई बाजूच्या धडधाकट कातडीतून तिरकी घालतो. सगळ्यात मऊ झालेल्या, फुटायला आलेल्या जागी टोचत नाही. कारण हेच, तोंड पडू नये.

सुई ही काही काल-परवाची टूमही नाही. १९०४ मध्ये युगांडात झोपेच्या रोगाच्या साथीत ग्रेग आणि ग्रे या डॉक्टरांनी रोग्यांच्या मानेच्या गाठीत सुई घालून त्यातला जंतू शोधला होता. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी कॅन्सरच्या गाठींसाठी ही पद्धत मांडली. पुढं स्वीडनच्या डॉक्टरांनी सुई बारीक केली आणि आज जिल्ह्याच्या ठिकाणी चालते ती पद्धत रुळली.

काचेवर काय दिसतं

सुईतला माल काचेच्या पट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीनं पातळ पसरतात. काही काचा हवेवर वाळवतात, काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, कारण पुढं त्यांना वेगवेगळे रंग द्यायचे असतात. रंग चढल्यावर पॅथॉलॉजीचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

टीबीच्या गाठीत सहसा तीन गोष्टी शोधतात. पिसाळलेलं जनावर गावात शिरलं आणि मारता येत नाही असं दिसलं की माणसं काठ्या घेऊन त्याला रिंगण घालतात. शरीरातल्या पांढऱ्या पेशी टीबीच्या जंतूला असंच रिंगण घालतात. पेशींच्या या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रं असलेली एकच भलीमोठी पेशी होते, ती दुसरी खूण. रिंगणाच्या मधला भाग मरून जातो. तो सुईतून येतो तेव्हा टांगून निथळलेल्या चक्क्यासारखा पांढरट-पिवळसर दिसतो. ती तिसरी खूण, रिपोर्टात तिला केसिएशन किंवा केसिएटिंग नेक्रोसिस म्हणतात. अनुभवी माणसाला तर सुई बाहेर आल्याबरोबर त्या मालाकडं बघूनच शंका येते.

जंतू प्रत्यक्ष बघण्यासाठी एक वेगळा रंग देतात, त्याला झील-नील्सन म्हणतात. टीबीच्या जंतूच्या अंगावर मेणचट कवच असतं. एकदा लाल रंग आत शिरला की आम्लानं धुतलं तरी निघत नाही. बाकी सगळं निळं दिसतं आणि त्यात बारीक लाल काड्या. त्या दिसल्या की रिपोर्टात "एएफबी पॉझिटिव्ह" येतं.

पण काचेवर लाल काडी दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. फुफ्फुसाच्या बेडक्यात ते असतात, गाठीत बऱ्याचदा नसतात. म्हणून "एएफबी निगेटिव्ह" वाचून टीबी नाही असं समजणं ही मोठी चूक. ग्रॅन्युलोमा आणि चक्क्यासारखा मृत भाग दोन्ही असतील तर एएफबी निगेटिव्ह असूनही आपल्याकडं ती गाठ टीबीचीच असण्याची शक्यता खूप जास्त असते. नुसताच ग्रॅन्युलोमा असेल तर मात्र दुसरे काही आजारही तसंच चित्र दाखवतात. तिथं डॉक्टरांना आणखी खोलात जावं लागतं.

एक थेंब सीबीनॅटसाठी

काचेनं पेशी दिसतात. पण हा जंतू टीबीचाच आहे का आणि नेहमीच्या औषधाला दाद देणारा आहे का, हे काच सांगत नाही. ते सांगतं सीबीनॅट मशीन. थुंकी तपासायला वापरतात तेच. सुईत उरलेला माल थोड्या सलाईनच्या पाण्यात धुवून बाटलीत घेतात आणि मशीनच्या नळकांडीत घालतात. मशीन जंतूची जनुकं शोधतं. मिलिलिटरला शंभर-दीडशे जंतू असले तरी त्याला सापडू शकतात आणि उत्तर दोनेक तासांत येतं. शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही त्याच वेळी कळतं. प्रतिकारी टीबी असलेला माणूस साधं औषध महिनोन्‌महिने घेत बसला तर त्याचं काय होतं, हे ज्यांनी घरात पाहिलं त्यांना सांगायला नको.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतच गाठीतून सुईनं काढलेल्या मालाची ही तपासणी करावी असं म्हटलं आहे. मग होत का नाही? बऱ्याच ठिकाणी सुई लावणारा विभाग वेगळा, सीबीनॅट वेगळीकडं. खाजगीत सुई लावली तर लॅबवाला काचा बनवून मोकळा होतो. कुणी मुद्दाम टाळतं असं नाही, कुणी विचारत नाही एवढंच. म्हणून रुग्णानं किंवा सोबत गेलेल्यानं सुई लावायच्या आधी, नंतर नव्हे, नम्रपणे एवढंच विचारावं: "डॉक्टरसाहेब, यातला थोडा माल सीबीनॅटला पण पाठवता येईल का?" सुई लावून झाल्यावर विचारलं तर परत टोचून घ्यावं लागतं.

असाच घोळ गाठ कापून तुकडा काढतात तेव्हा होतो. सुईनं निदान झालं नाही तर तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी करतात आणि ती करावीच लागते. तो तुकडा रिवाजानं फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मॅलिननं पेशी टिकतात पण जंतू मरतो आणि त्याची जनुकंही खराब होतात. मग कल्चर होत नाही, सीबीनॅटचा भरवसा राहत नाही. ऑपरेशन झालं, टाके पडले, पैसे गेले आणि औषध लागू पडेल की नाही हे कळलंच नाही. उपाय सोपा, बाटल्या दोन: एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत साधं सलाईन. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हे बोलून ठेवावं.

सीबीनॅटही देव नाही. गाठीत टीबी असलेल्या शंभरांतले ऐंशीच्या आसपास ते पकडतं, बाकीचे सुटतात. त्यामुळं ते निगेटिव्ह आलं आणि काचेवर खुणा स्पष्ट असल्या तर डॉक्टर सगळं मिळून निर्णय घेतात. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं, ते जास्त खात्रीचं, पण त्याचा रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे लागतात.

रिपोर्ट हातात आला, आता?

रिपोर्ट इंग्रजीत असतो. घरातलं कॉलेजचं पोरगं मोबाइलवर शब्द शोधतं आणि अर्ध्या तासात घरात रडारड सुरू होते. काही शब्द माहीत असलेले बरे. "रिॲक्टिव्ह" म्हणजे गाठ कशाच्या तरी जवळच्या संसर्गानं सुजली आहे, टीबीच्या किंवा कॅन्सरच्या खुणा दिसल्या नाहीत. तरीही गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही किंवा वाढली तर परत दाखवायची. "सपुरेटिव्ह" म्हणजे पू. हा साधाही असतो, टीबीचाही असतो, म्हणून पू निघाला तर सीबीनॅट हवंच. "इनॲडिक्वेट" म्हणजे माल पुरेसा आला नाही. याचा अर्थ नॉर्मल असा नाही. सुई परत लावून घ्यायची. याच शब्दापाशी बरेच लोक सुटका झाली म्हणून घरी बसतात.

"ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडेनायटिस" लिहिलं असेल तर तो कागद घेऊन थेट टीबीच्या विभागात जायचं. कित्येकदा डॉक्टर "टीबी" असं स्पष्ट लिहीत नाहीत, "कॉक्स" लिहितात. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला आणि २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला, त्यांच्या नावावरून हा शब्द पडला. रुग्णाला वाईट वाटू नये म्हणून वापरतात खरा, पण माणसाला आपल्याला टीबी आहे हेच कळत नाही आणि दोन महिन्यांत गोळ्या बंद होतात. चिठ्ठीवर कॉक्स दिसलं तर सरळ विचारावं, हा टीबीच का?

"ॲटिपिकल", "मेटास्टॅटिक", "लिम्फोमा" यातला शब्द असला तर पुढची वाट कॅन्सरच्या डॉक्टरांची, आणि तिथं आठवडासुद्धा घालवू नये.

रक्ताच्या तपासणीबद्दलही थोडं. "सुई नको, रक्तातूनच टीबी बघा" असं लोक म्हणतात. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ठरवणाऱ्या तपासण्या चुकीचं उत्तर देतात म्हणून भारत सरकारनं २०१२ मध्येच त्यांच्यावर बंदी घातली. हातावर टोचून फुगारा बघतात ती माँटू चाचणी आणि इग्रा नावाची रक्ततपासणी, या दोन्हींनी टीबीचा जंतू कधी अंगात शिरला होता एवढं कळतं. आपल्याकडं तो असंख्य निरोगी माणसांच्या अंगात निपचित पडलेला असतो. गाठीतच तो आहे का, याचं उत्तर गाठीतूनच मिळतं.

जायचं कुठं

पहिला कागद प्राथमिक आरोग्य केंद्रातच करून घ्यावा. आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला सांगितलं तर त्या पुढची चिठ्ठी करून देतात. काचा वाचायला पॅथॉलॉजीचे डॉक्टर लागतात, त्यामुळं सुईची तपासणी बहुधा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होते, काही उपजिल्हा रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी. तो वार आधी फोनवर विचारून मगच एसटीत बसावं, नाहीतर रोज बुडतो, भाडं जातं आणि "परवा या" ऐकून यावं लागतं. क्षयरोग कार्यक्रमाची टोल-फ्री हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे, तिथं जवळच्या टीबी केंद्राची माहिती मिळते. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्यावीत. आधी कोणतं औषध पोटात गेलं हे डॉक्टरांना कळलं तर रिपोर्टाचा अर्थ लावणं सोपं जातं.

टीबी ठरला की त्याच खेपेला छातीचा एक्स-रे, साखर आणि एचआयव्ही तपासून घेतात. खोकला असेल तर बेडकाही. एक्स-रे महत्त्वाचा, कारण फुफ्फुसात काही नसेल तर नुसत्या गाठीचा टीबी एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, बाळाला दूध पाजायला अडचण नाही. सासरी कळेल, लग्न मोडेल म्हणून मुलींच्या गाठी पदराखाली झाकल्या जातात आणि आजार वर्षभर वाढतो. न लागणाऱ्या आणि बऱ्या होणाऱ्या आजारासाठी ही शिक्षा फार झाली.

मात्र लहान मुलाच्या मानेला टीबीची गाठ निघाली तर घरात दोन-दोन आठवडे खोकणारं कोण आहे, हे आधी बघावं. मुलाला तो जंतू कुणाकडून तरी मिळालेला असतो, आणि बऱ्याचदा ओट्यावर खोकत बसलेल्या आजोबांचा बेडका कुणी तपासलेलाच नसतो. जनावरांच्या टीबीचंही तसंच. तो जंतू कच्च्या दुधातून माणसात येतो आणि दूध तापवून घ्यायची पद्धत येण्याआधी युरोपात मुलांच्या मानेच्या गाठींचं ते मोठं कारण होतं. आपल्याकडं दूध उकळायची रीत आहे ती उत्तम. धारोष्ण दुधाची हौस मात्र सोडलेली बरी.

औषध चालू झाल्यावर गाठ वाढली तर

साध्या टीबीचं औषध सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. डोळे पिवळे होणं, उलट्या थांबत नसणं, दिसायला धूसर होणं, हे झालं तर गोळ्या घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही म्हणून लोक औषध सोडतात. उपचार चालू असताना काही रुग्णांच्या गाठी कमी व्हायच्या ऐवजी आधी वाढतात, नवी गाठ येते, एखादी फुटतेही. पाचांतल्या एकापर्यंत हे होऊ शकतं. मेलेल्या जंतूंशी शरीर भांडत असतं त्याची ती सूज असते. औषध चुकलं असंच काही नाही. गोळ्या चालू ठेवून डॉक्टरांना दाखवायचं. गरज वाटली तर ते परत सुई लावून बघतात. इथं सुरुवातीचं सीबीनॅट कामाला येतं. रिफाम्पिसिन लागू पडतं हे आधीच कागदावर असलं तर डॉक्टर निर्धास्तपणे पुढं जातात, नसलं तर पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू होतो.

गाठीच्या टीबीवाल्यालाही निक्षय पोषण योजनेचे पैसे मिळतात, ते फक्त खोकल्याच्या टीबीला असतात हा गैरसमज आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना १००० रुपये झाली आहे आणि उपचार चालू असेपर्यंत ती थेट बँक खात्यात येते. त्यासाठी निक्षयवर नाव चढलेलं आणि खातं बरोबर असावं लागतं. उपचार खाजगीत घेतला तरी नोंद करणं डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. पैसे आले नाहीत तर तालुक्याच्या टीबी पर्यवेक्षकांना आपलं नाव चढलंय का ते विचारावं.

सहा महिने पुरे झाल्यावरही काहींच्या मानेला वाटाण्याएवढी टणक गाठ उरते. ती वाढत नसेल, दुखत नसेल तर बहुधा तो भरून आलेल्या जखमेचा वण असतो. त्यानंतर दर सहा महिन्यांनी एकदा, असं दोन वर्षं दाखवायला बोलावतात. त्या वेळी पहिला सुईचा रिपोर्ट आणि सीबीनॅटचा कागद बरोबर असावा, म्हणून दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात कागद टिकत नाहीत.